पाहुण्यांच्या खोलीची भिंत

आज आम्ही भिंतींबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, भिंतीबद्दल काय बोलायचं? ती असते, तिच्यावर पाल असते, कॅलेंडर असतं, झालं. पण ज्यांनी घरातली एखादी खोली पाहुण्यांना द्यायला काढली आहे, किंवा काढायचा विचार चालला आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐका. पाहुणा चपला काढून आत येतो तेव्हा त्याची पहिली नजर समोरच्या भिंतीवर जाते. पलंग, पंखा, मोरी हे सगळं तो मग बघतो.

आमचा गट जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेचा, नाणेघाटाच्या बाजूचा. जुन्नर २०१८ साली विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन बघायला माणसं आधीही यायचीच, पण संध्याकाळी परत जायची. मग गटातल्या आम्ही चौघींनी ठरवलं, आपापल्या घरची एकेक खोली द्यायची. गटातून कर्ज काढलं. पलंग, गाद्या, संडासाची दुरुस्ती यात बरेच पैसे गेले, आणि जे उरले त्यात खोली "सजवायची" होती.

इथेच आम्ही चुकलो. बाजारातून चिकटवायचा प्लॅस्टिकचा कागद आणला. त्यावर हिरवंगार रान आणि मधोमध धबधबा. एका भिंतीला तो, दुसऱ्या भिंतीला विटांचं चित्र असलेला. दुकानदार म्हणाला होता, दहा वर्षं बघायला नको. जून लागला, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आणि जुलैत धबधबा वरच्या कोपऱ्यातून सुटून खाली लोंबायला लागला. त्याच्या मागे काळी बुरशी. खोलीत कुबट वास. ठाण्याहून आलेलं एक कुटुंब दारातच थांबलं, बाईंनी नाकाला पदर लावला, आणि ते गाडीत बसून निघून गेले. त्या महिन्याचा हप्ता आम्ही कोंबड्या विकून भरला.

आमच्या गटातल्या एक आजी तेव्हा म्हणाल्या, "अगं, खिडकीतून खरा धबधबा दिसतो आणि तुम्ही भिंतीला खोटा चिकटवला!" सगळ्या हसलो, पण वर्मी लागलं होतं. त्यानंतर भिंतींचं काम आम्ही पुन्हा पहिल्यापासून केलं, फार कमी पैशांत. ते कसं केलं, ते सांगतो.

पहिलं काम काढण्याचं. आपल्या भिंतीवर काय काय असतं ते एकदा परक्या माणसासारखं दारात उभं राहून बघा. पतसंस्थेचं कॅलेंडर, खतवाल्याचं कॅलेंडर, मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरं त्यांच्याच खाली, मुलांनी चिकटवलेली चित्रं, लोंबणारी वायर, रिकामे खिळे, आणि हार घातलेले आजोबांचे आणि पणजोबांचे फोटो. आजोबांबद्दल आम्हाला आदर आहे, पण पलंगावर पडल्या पडल्या हार घातलेला फोटो दिसला की पाहुण्याला झोप लागत नाही. ते फोटो आपल्या माजघरात घ्या. देवाच्या तसबिरीही देव्हाऱ्याजवळ असू द्या, पाहुणे त्या खोलीत कसे वावरतील हे आपल्या हातात नसतं. दारावरचे हळदीकुंकवाचे हात, चौकटीवरचं स्वस्तिक मात्र पुसू नका. ते घराचं आहे आणि घराबाहेरच आहे.

आता ओल. हे काम कंटाळवाणं आहे, पण यावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो. भिंतीला ओल असेल तर तिच्यावर काहीही लावा, ते सुटणार, काळं पडणार, वास मारणार. ओल कुठून येते ते ओळखायची एक साधी युक्ती आहे. स्वच्छ प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या आणि चारही कडांना पट्टी लावून भिंतीला घट्ट चिकटवा. दोन दिवस तसाच ठेवा. काढताना आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली हवाच दमट आहे, खिडकी उघडी ठेवायला हवी. भिंतीतून येत असेल तर आधी बाहेर जाऊन बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, मोरीचा पाइप गळतोय का, भिंतीला टेकून मातीचा ढीग आहे का. आमच्या तीन घरांत कारण बाहेरच सापडलं, आणि चर खणून पाणी लांब काढायला फावड्याखेरीज काही लागलं नाही.

भिंतीला पांढरा लोणा फुटला असेल तर तो पाण्याने धुऊ नका. धुतलं की मीठ विरघळून परत आत जातं आणि पुन्हा बाहेर येतं. कोरड्या खराट्याने झाडा, खाली पडलेलं उचलून बाहेर टाका. आणि अशा भिंतीला ऑइलपेंट तर मुळीच नको. ऑइलपेंट ओल आत कोंडतो आणि फुगे येऊन पापुद्रे निघतात. आमचा धबधबा त्याचमुळे सुटला होता, प्लॅस्टिकच्या मागे ओल कोंडली गेली होती. अशा भिंतीला चुना सगळ्यांत बरा, कारण चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल सुकून जाते.

चुना आपल्याला नवा नाही, पण हल्ली मुलींना माहीत नसतो, म्हणून सांगतो. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवायचा. पाणी आधी घ्यायचं आणि चुना त्यात थोडा थोडा टाकायचा; उलट केलं तर तो उकळून अंगावर उडतो. भांडं लोखंडी किंवा मातीचं घ्या. अॅल्युमिनियमचं नको, चुना ते खातो. प्लॅस्टिकची बादली गरम होऊन वाकते. लेकरं लांब ठेवा आणि डोळे जपा, डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायचा, ताकाइतका पातळ करायचा आणि भिजवलेला डिंक घालायचा, म्हणजे कपड्याला लागत नाही. भिंत आधी पाण्याने जराशी ओलावून घ्या. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या. ओला असताना चुना करडा दिसतो, घाबरू नका, सुकला की पांढरा होतो.

आता खोली रिकामी, स्वच्छ, पांढरी. आमच्यातली एक तर म्हणाली, "ताई, आता काही लावूच नका, अशीच छान दिसते." तिचं निम्मं बरोबर होतं. चारही भिंती भरायच्या नसतात. एक भिंत निवडा, दारातून समोर दिसणारी, आणि तीच नटवा. बाकीच्या तीन गप्प राहू द्या.

त्या एका भिंतीवर काय? आमच्या मुलींनी लगेच मोबाइल काढले आणि वारली चित्रं दाखवली. गेरूवर पांढरी, सोपी वाटतात, खर्च नाही. एकीने उत्साहात चौक काढला, मध्ये देवी, भोवती नक्षी. चांगला जमला होता. त्याच सुमारास बचतगटांच्या एका प्रदर्शनात जव्हारकडच्या एक वारली ताई आमच्या शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांना आम्ही कौतुकाने फोटो दाखवला. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा लग्नाचा चौक आहे. यात पालघट बसते. आमच्याकडे सवाशिणी तो लग्नघरात काढतात, धवलेरी गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. तुम्ही हा पलंगाच्या वर काढलात?"

आम्हाला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनीच मग आम्हाला बसवून सांगितलं. ही चित्रं मुळात बायकांची, लग्नाची. १९७०नंतर डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती रोज काढायला घेतली, कागदावर, कापडावर काढली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज कितीतरी वारली घरांची चूल या चित्रांवर पेटते. म्हणून आमचं ठरलं ते असं: वारली चित्र हवंच असेल तर वारली माणसाकडून विकत घ्यायचं, छोटं का होईना, आणि खाली काढणाऱ्याचं नाव लिहायचं. नक्कल करायची नाही. चौक आम्ही त्याच आठवड्यात पुसला.

मग प्रश्न उरला, आपलं काय? आम्ही काही वारली नाही. आम्हाला चित्रं येत नाहीत, असं सगळ्या म्हणायला लागल्या. तेव्हा आजी पुन्हा म्हणाल्या, "येत नाहीत कशी? रोज सकाळी दारात काय काढता?"

खरंच की. ठिपक्यांची रांगोळी आपल्या हातात बसलेली आहे. एकवीस ते अकरा ठिपके न मोजता पडतात. तीच भिंतीवर घेतली. गेरू भिजवून त्यात थोडं फेव्हिकॉल घातलं आणि भिंतीवर दोन हात रुंद, दोन हात उंच असा चौकोन सारवून घेतला. कडा सरळ येण्यासाठी दोरीला खडूची पूड लावून ती ताणून धरायची आणि मधोमध उचलून टचकन सोडायची, गवंडी मारतो तशी. गेरू पूर्ण सुकल्यावर त्याच दोरीने ठिपक्यांच्या रेघा आखल्या. पांढऱ्यासाठी आधी तांदळाचं पीठ कालवलं होतं, त्याला मुंग्या लागल्या. मग खडूची पूड आणि फेव्हिकॉलचं पाणी घेतलं. बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला केला. भिंतीवर रांगोळी काढताना एकच अडचण येते, रंग खाली ओघळतो. तो दह्याइतका घट्ट ठेवा आणि वरून खाली काढत या. सुकल्यावर पांढऱ्या फडक्याने हलकेच पुसून बघा. फडक्याला लागलं तर गेरूत फेव्हिकॉल कमी पडलंय, एकदा वरून पातळ पाणी फिरवा. पाहुणा भिंतीला टेकून उठला आणि त्याची पाठ लाल झाली, असं आमच्याकडे एकदा झालं आहे.

चैत्रांगणातली चित्रंही अशीच घेता येतात: कासव, शंख, हत्ती, तुळशीवृंदावन, पाळणा. गोपद्म आम्ही जमिनीलगत, उंबऱ्यापासून आत जाणारी काढली. तिथे मुलं बसून मोजतात.

दुसऱ्या घरी भिंतीवर गोधडी लावली. त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यावरून सासू-सुनेत आठवडाभर अबोला होता. सासूबाई म्हणत होत्या, "चिंध्यांची गोधडी पाहुण्यांसमोर टांगतेस? लोक म्हणतील यांना पांघरायला नाही." सुनेचं म्हणणं, "आत्या, तुम्ही सहा महिने हाताने टाचलीत, ती ट्रंकेत का?" शेवटी पाहुण्यांनीच निकाल दिला. पुण्याची एक बाई ती गोधडी बघत अर्धा तास उभी राहिली, आणि सासूबाई तिला एकेक तुकडा दाखवत होत्या: हे माझ्या आईचं लुगडं, हा धाकट्याच्या बाळंतपणातला परकराचा तुकडा, हे लग्नातलं खणाचं. त्या बाईंनी तशीच एक गोधडी करून मागितली. आता सासूबाई खोली झाडायलाही स्वतः जातात.

गोधडी लावताना तिच्यात खिळा ठोकू नका. मागच्या बाजूला, वरच्या काठाला जुन्या साडीची चार बोटं रुंद पट्टी शिवा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे नळीसारखी होईल. तिच्यातून सरळ बांबू घाला आणि बांबू दोन खुंट्यांवर ठेवा. वजन सगळ्या काठावर सारखं येतं, शिवण फाटत नाही. बांबूच्या दोन्ही टोकांना मागून लाकडाचा छोटा ठोकळा बांधा, म्हणजे भिंत आणि कापड यांच्यात बोटभर हवा खेळते. थेट ऊन येतं तिथे लावू नका, रंग उडतो. महिन्यातून एकदा काढून झटका, वाळत घाला.

सूप, रोवळी, दुरडी, परडी यांबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला सुचेलच. फक्त एवढंच, सात-आठ वस्तू रांगेत लावल्या की दुकान वाटतं. तीन किंवा पाच घ्या, लहानमोठ्या, जवळजवळ. आधी जमिनीवर मांडून बघा. मग वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून भिंतीला पट्टीने लावा, दारातून बघा, हवे तसे हलवा, आणि मगच खिळा ठोका. भिंतीला एक भोक कमी पडतं आणि नवऱ्याची कुरकुरही.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्या मात्र पुन्हा करायला घ्या, असं आम्हाला फार वाटतं. आपल्या आज्या करायच्या. रद्दी दोन-तीन दिवस भिजवायची, उखळात कुटायची, भिजवून वाटलेली मेथी घालायची, म्हणजे चिवट होते आणि कीड लागत नाही. चिकटपणासाठी चिंचोक्याची खळ: चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून लापशीसारखे करायचे. पालथ्या पातेल्याला राख लावून त्यावर लगदा थापायचा, उन्हात कडक वाळू द्यायचा. वरून गेरू आणि पिवळी माती. अशी पसरट टोपली भिंतीवर उन्हासारखी दिसते, आणि ओल नसलेल्या भिंतीवर वर्षानुवर्षं टिकते.

उंचीबद्दल एक ठोकताळा लक्षात ठेवा. आपण सगळं फार वर लावतो, फोटो तर वाशाला भिडलेला असतो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो. पलंगाच्या वर असेल तर पलंगाच्या माथ्यापासून वीतभर अंतर ठेवा, जास्त नको, नाहीतर चित्र एकटं पडतं. आणि पलंगाच्या वर काच, पितळ किंवा जड काही लावू नका. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, भोक मोठं होत जातं. तिथे जुनी लाकडी खुंटी असेल तर ती वापरा, नाहीतर वाशाला दोरी बांधून खाली सोडा. विटांच्या भिंतीत भोक पाडून लाकडाची गुट्टी बसवा आणि तिच्यात स्क्रू.

ज्यांच्या घरात कोनाडे आहेत त्यांनी ते बुजवू नका. तीन घरांत आम्ही प्लास्टर मारून बुजवून टाकले होते आणि आता हळहळतो. कोनाडा म्हणजे भिंतीतच बसवलेली चौकट. आत गेरू, कडेने चुन्याची रेघ, एक तांब्या, त्यात गवताचे तुरे. अजून काही लागत नाही.

सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती एक गोष्ट आता सांगतो. तिसऱ्या घरी नुकतीच बारावी झालेली मुलगी आहे. तिने भिंतीवर गावाचा नकाशा काढला. गेरूवर पांढऱ्याने. मध्ये आपलं घर, मग विहीर, शाळा, एस.टी.चा थांबा, ओढा, कुठे निसरडं आहे, कुठे आग्या मोहोळ असतं. पुढे नाणेघाट, तिथली सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली लेणी, पूरचं कुकडेश्वराचं देऊळ, चावंड, जीवधन. खाली एस.टी.च्या वेळा खडूने, म्हणजे बदलल्या की पुसून लिहिता येतात. प्रमाण बिमाण काही नाही, जीवधनापेक्षा त्यांची गाय मोठी दिसते. पण पाहुणे पहिल्यांदा त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहतात, बोट ठेवून उद्याचं ठरवतात, आणि "ही वाट कुठे जाते?" असं घरच्या माणसांना विचारतात. तिथून बोलणं सुरू होतं. काहीजण एक दिवस जास्त राहिले ते नकाशातलं कुकडेश्वर राहिलं म्हणून.

खोलीचे फोटो पाठवताना सकाळच्या उजेडात, दाराच्या कोपऱ्यातून काढा, म्हणजे ती एक भिंत आणि खिडकी दोन्ही येतात. दिवा लावून काढलेल्या फोटोत गेरू काळा दिसतो. आणि फोटोसाठी शेजारच्या वहिनींची पितळी समई आणून ठेवू नका. पाहुणा आला की ती शोधतो.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आम्ही चौघी एकमेकींच्या घरी फिरतो आणि चौघी मिळून एका दिवसात एक भिंत करतो. चुना एकत्र भिजवला की स्वस्त पडतो. यंदा चौथ्या घराची पाळी आहे. तिथे काय काढायचं हे अजून ठरलेलं नाही. घरच्या आजींना हिरड्याचं झाड हवं आहे, आणि नातवाला ट्रॅक्टर.